पालकांचे दोन शब्द

मुलगी : उद्या शिष्यवृत्तीच्या समितीपुढे आई गेली त्या दिवसापासून सुरुवात करा. दवाखान्यातून फोन आला तिथून.

बाप : फोन आला तेव्हा मी दुकानात एका सोफ्याला कापड ठोकत होतो. तोंडात खिळे होते, म्हणून नुसतं हूं हूं केलं. पलीकडची बाई म्हणाली, ऐकताय ना?

मुलगी : बाबा, हे तुमचं झालं. माझं सांगायचंय. त्यानंतर मी बारावी कशी काढली ते.

बाप : तू तेव्हा शाळेत होतीस.

मुलगी : पुढे?

बाप : पुढे काय. अभ्यास केलास, पास झालीस. आम्ही काही कमी पडू दिलं नाही.

मुलगी : झालं. अडचणी सोसून शिकलेल्या मुलांसाठी आहे ती शिष्यवृत्ती. काही कमी पडलं नाही म्हणालात, की समितीचे लोक चहा पाजून घरी पाठवतील.

बाप : मग तूच बोल की. तुझं तोंड माझ्यापेक्षा बरं चालतं.

मुलगी : मुलांनी गप्प बसायचं, पालकांनी दोन शब्द बोलायचे, असा नियमच आहे त्यांचा. कितीदा सांगू? बरं, मी विचारते. घरात स्वयंपाक कोण करतं?

बाप : तू. हौस आहे तुला.

मुलगी : पहाटे उठून तीन डबे भरायची हौस?

बाप : भरतेस मात्र छान.

मुलगी : धाकटा आजारी पडला तेव्हा सहामाहीचे दोन पेपर कुणाचे बुडले?

बाप : तुझे. पण नंतर भरून काढलेस ना.

मुलगी : कपाळ माझं.

बाप : अगं, चार परक्या माणसांसमोर काय सांगू? बाप जिवंत असताना पोरीचे हाल झाले म्हणून?

मुलगी : हो, तेच. तुम्हाला कुणी दोष देत नाहीये. नाही मिळाली तर नर्सिंग राहिलं. मग बसते तुमच्याशेजारी, सोफे ठोकत.

बाप : दुकानात पाऊल टाकायचं नाही.

मुलगी : मग बोला.

बाप : बोलतो. ही पोरगी भावाला मांडीवर निजवून पाठांतर करायची. गणिताची शिकवणी सोडली, मला न विचारता. वर्गाची सहल गेली, ही गेली नाही. म्हणाली, सहलीत कंटाळा येतो. मला ते खरं वाटलं नव्हतं.

मुलगी : तुम्हाला कळलं होतं?

बाप : दोन खोल्यांचं घर आपलं. न कळायला काय झालं.

मुलगी : उद्या हेच बोला. असंच. फक्त आधी सांगा, हिची आई गेली. नाहीतर त्यांना काही उमगायचं नाही.

बाप : ते तू सांग, आत गेल्या गेल्या.

मुलगी : बाबा, मी बोलायचं नाहीये.

बाप : बाकीचं बोलेन मी. तेवढं अजून मला कुणापुढे म्हणता आलेलं नाही.