हर्णैचे दगड

रुक्मिणीबाई : पुन्हा सांग. दगड कुठे नेले होतेस?

ज्योतीराम : भोसरीला, वर्कशॉपमध्ये. एवढं काय झालं, आई? परत आणून टाकीत लावलेत की. बघ तरी, कसे पांढरेशुभ्र निघालेत!

(सन १९७९. चिंचवडच्या बंगल्याचा दिवाणखाना. भिंतीलगत काचेची मोठी टाकी. रुक्मिणीबाई राजगुरुनगरला नणंदेकडे चार दिवस राहून आताच परतल्या आहेत. मुलगा ज्योतीराम आणि सून सुमन समोर उभे आहेत.)

रुक्मिणीबाई : पांढरे झालेले मलाही दिसतात. कशाने झाले, ते विचारते आहे.

ज्योतीराम : ॲसिडच्या टाकीत सोडले. प्लेटिंगला, म्हणजे मुलामा चढवायला येणारा प्रत्येक लोखंडी जॉब आपण आधी ॲसिडमधूनच काढतो. गंज, तेल, घाण, सगळं सुटतं. म्हटलं, दगडांचं काय वेगळं? टाकल्याबरोबर सोड्याच्या बाटलीसारखे फसफसले. पोरं काम सोडून बघत राहिली.

रुक्मिणीबाई : फसफसले. आणि तुला हात आवरावासा वाटला नाही.

ज्योतीराम : थोडे झिजले, कबूल. पण वास गेला ना!

रुक्मिणीबाई : वास मी जायच्या आधीच गेला होता. टाकीवर एकदा वाकला असतास, तर तुलाही कळलं असतं. कुजायचं ते कुजून झालं होतं. त्या दगडांच्या छिद्राछिद्रांत डोळ्यांना न दिसणारी वस्ती असते. पाण्यात उतरलेलं विष ती खाऊन टाकते. ती वाढायला वेळ द्यावा लागतो. माझ्या वडिलांच्या परसात दगडी डोणी होती. भरतीचं पाणी भरायचं, किनाऱ्यावरच्या खडपातले दगड ठेवायचे, आणि पाणी पिकेपर्यंत त्यात एक जीव सोडायचा नाही. हे मी तुम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं.

सुमन : मीच यांच्या मागे लागले होते, सासूबाई. इतके दिवस नाकाला पदर लावून पोळ्या लाटल्या. भिशीच्या बायका दारातूनच परत जायच्या. मासा एक नाही, नुसतं पाणी नि दगड! विचारतात, तुमच्या सासूबाई दगड पाळतात का?

रुक्मिणीबाई : तू काय उत्तर दिलंस?

सुमन : हसले. काय सांगणार?

रुक्मिणीबाई : हसलीस. त्या डावीकडच्या दगडात खेकड्याचं एक पिल्लू राहत होतं. देवाजवळ दिवा लागला की बाहेर यायचं.

ज्योतीराम : खेकडा? अगं, खेकडे तर आपण खातो!

रुक्मिणीबाई : खातो. ॲसिडात बुडवून नाही मारत. आणि माझं पाणी कुठे आहे? टेम्पोवाल्या सोनबाने हर्णैहून कॅन भरून आणलं होतं ते?

ज्योतीराम : मोरीत ओतलं. हे नळाचं आहे. खडेमीठ घातलंय की त्यात. सुमनने चव घेऊन बघितली.

सुमन : आमटीपेक्षा चांगलं खारट आहे.

रुक्मिणीबाई : तुझी आमटी मी तुझं लग्न झाल्यापासून खाते आहे, सुमन. तू समुद्र करायला घेशील, असं मात्र वाटलं नव्हतं.

ज्योतीराम : पुरे आता टोमणे! आज आपल्याला काम देणाऱ्या कंपनीचे परचेसचे साहेब जेवायला येतायत, मिसेसना घेऊन. वर्षभराच्या कामाचा प्रश्न आहे. त्या बाईंना समुद्रातल्या माशांची भारी हौस. म्हणून मुंबईहून मासे मागवलेत. ड्रायव्हर भैरू आत्ताच स्टेशनवरून पिशव्या घेऊन आलाय. पिवळे, निळे... बघशील तर रागबिग विसरशील.

रुक्मिणीबाई : ते या पाण्यात सोडणार?

ज्योतीराम : मग काय बादलीत?

रुक्मिणीबाई : सकाळी उताणे तरंगत असतील.

ज्योतीराम : तरंगू देत! जेवण उरकेपर्यंत जगले म्हणजे झालं. साहेबांनी बघितले की आपलं काम झालं. मग मरेनात का!

रुक्मिणीबाई : सुमन, तो पंखा बंद कर. मला नीट ऐकायचं आहे. काय म्हणालास?

ज्योतीराम : अगं, माशांबद्दल बोलतोय मी.

रुक्मिणीबाई : मीही दुसऱ्या कशाबद्दल विचारत नाही. सोमवारी दापोलीच्या कचेरीत जाऊन हर्णैचं घर विकल्याची सही मी करायची आहे. ते घर माझ्या वडिलांनी मला दिलं. त्याच्या ओटीवरून समुद्र दिसतो. तो सोडून इथे राहायला मी कशावर कबूल झाले?

ज्योतीराम : या टाकीवर.

रुक्मिणीबाई : मग सोमवार उरकल्यावर ही टाकी कुठे ठेवणार होतास?

ज्योतीराम : कुठे म्हणजे? इथेच.

सुमन : गच्चीवर म्हणाला होतात ना? इथे टीव्ही...

ज्योतीराम : सुमन, तू आत जा!

रुक्मिणीबाई : राहू दे तिला. तिला निदान खोटं पटकन सुचत नाही.

ज्योतीराम : अगं, मला नवी शेड उभी करायची आहे! आणखी चार माणसं लावायचीत. आणि ते घर तिकडे वाळवी खातेय. तुझ्या एका हट्टापायी सगळं अडवून ठेवायचं?

रुक्मिणीबाई : आवाज खाली. भैरूला सांग, पिशव्यांची तोंडं सोडू नकोस. तशाच गाडीत ठेव, उन्हाला लागू देऊ नकोस. मुंबईवाल्याने हवा भरून दिली असेल, तर हर्णैच्या समुद्रापर्यंत जगतील.

ज्योतीराम : आज? साहेब यायच्या दिवशी गाडी नेणार तू?

रुक्मिणीबाई : गाडी तुझ्या वडिलांची आहे. आणि घाट मला उजेडात उतरायचा आहे.

सुमन : सासूबाई, निदान जेवून तरी...

रुक्मिणीबाई : नको. माझं लुगडं आणि औषधं तेवढी आणून दे.

ज्योतीराम : आई, घर घेणारे लोक सोमवारी कचेरीत येऊन बसतील. त्यांना मी काय सांगू?

रुक्मिणीबाई : सांग, आई घरी गेली आहे.