कव्हराखालचा पट्टा

वकील : शेवंताबाई, उद्या कोर्टात एवढंच सांगायचं. डंपर उलट्या बाजूनं आला आणि तुमचा किसन गेला. बाकी विचारलं तरच.

शेवंताबाई : आनि त्यांचा वकील पट्ट्याचा विचारल तवा?

वकील : विचारणारच. म्हणेल, गाडीत सीटबेल्टचा पट्टा होता, किसननं लावला नाही, म्हणजे अर्धी चूक त्याची, भरपाई अर्धी करा. मी सांगेन, सत्त्याऐंशी साल चालू आहे, पट्ट्याची सक्ती अजून कुठल्या कायद्यात नाही.

शेवंताबाई : चूक त्याची नाय. त्याला पट्टा गावलाच नसता. मी तो शीटच्या कव्हराखाली शिवून टाकला.

पुतळा (सून) : आई, नका ना आता.

शेवंताबाई : का नको? जासईत आमच्या दारात किसनची नवी गाडी आली, नारळ फोडला, हार घातला. हा आत बसला नि पट्ट्यानं स्वताला बांधून घेतला. आमच्यात बांधतान मढ्याला, तिरडीवर. जित्या मानसाला कोन बांधतं?

पुतळा : सुई मी ओवून दिली, सायेब. त्यांना सुईचं नेढं दिसत नाय. हे हसले. बोलले, शिवू दे, आईचं समाधान.

वकील : हे कोर्टात आलं तर दावा लंगडा पडेल.

शेवंताबाई : पडू दे. मना पैशे नकोत. मी साक्षीला येनार नाय.

पुतळा : तुमाला नकोत. जमीन सिडकोत गेली, हे गेले. आमची पोर काशी पाच वर्षांची हाय. तिला काय वाढू, तुमचं रडनं?

शेवंताबाई : लय बोलाय लागलीस.

पुतळा : घरात आता दुसरं कोन बोलनार?

शेवंताबाई : वकील, खरा सांग. पट्टा आसता तं माजा किसन वाचला आसता?

वकील : ते सिद्ध करता येत नाही.

शेवंताबाई : कोर्टाला नको सांगू. मना सांग.

वकील : ...बहुतेक वाचला असता.

(शेवंताबाई उठून उभी राहते.)

शेवंताबाई : मी येतंय उद्या. विचारला तं सांगन, मी शिवला.

वकील : भरपाई थोडी कापली जाईल, शेवंताबाई.

शेवंताबाई : कापू दे. माज्या पोराच्या नावावर चूक नको. आनि पुतळा, सुईचा कुठं बोलायचा नाय. तुजा नाव त्यात नको.

पुतळा : आई...

शेवंताबाई : गप. पदर नीट घे, निघूया.

वकील : मी माझ्या गाडीनं सोडतो जासईला. शेवंताबाई, तुम्ही पुढं बसा.

पुतळा : सायेब, तुमी पट्टा लावता?

वकील : तुमची केस घेतल्यापासून.

शेवंताबाई : मना पन लाव.

वकील : हात जरा वर घ्या. असा ओढायचा, इथं दाबायचा. झालं.

शेवंताबाई : एवढाच?

पुतळा : एवढंच, आई.