प्रार्थनेच्या पत्रातला फोटो

माझं तेव्हा कोणी खरं मानलं नाही, आजही मानत नाहीत. मयूर विहारच्या बायबल स्कूलमध्ये मी सात वर्षं स्वयंपाक केला. कॅरल मॅडम दर महिन्याला अमेरिकेतल्या आपल्या चर्चला पत्र पाठवायच्या, कोणासाठी प्रार्थना करायची ते कळवायला. एकदा त्यात प्रियाचा फोटो घातला. ही आमची विद्यार्थिनी, घरी शिवणक्लासला जाते असं सांगून आलेली.

मी लाटणं ठेवून म्हटलं, "मॅडम, फोटो मत भेजो. भाई देखेगा तो ले जाएगा."

"सुमन, सिर्फ हमारे चर्चवाले देखेंगे. चेहरा देखकर लोग दिल से प्रार्थना करते हैं."

"देवाला चेहरा लागत नाही," मी मराठीतच पुटपुटले.

तिकडच्या चर्चने ते पत्र फेसबुकवर टाकलं. महिन्याभरात प्रियाचा भाऊ दारात उभा. प्रिया माझा पदर धरून म्हणाली, "आंटी, बोलो ना, मैं सिलाई सीखती हूँ."

मी बोलले. त्याने मोबाईलवरचा फोटो माझ्या नाकासमोर धरला आणि पोरीला ओढत नेलं. तिचा फोन अजून बंद आहे.

मग गुपित कोणी फोडलं म्हणून मीटिंग बसली. पास्टर माझ्याकडे बघत म्हणाले, "बाजार में रोज कौन बातें करता है?" मी फोटो-फोटो म्हणून ओरडले. मॅडम मान खाली घालून रडत होत्या.

पुढच्या महिन्याचं पत्र ऑफिसातल्या बाईने मला हिंदीत वाचून दाखवलं. प्रियासाठी प्रार्थना करा, आणि जिने तिचं गुपित फोडलं तिला प्रभूने क्षमा करावी म्हणूनही करा. खाली फोटो माझा, आणि नाव सुमन.