आजोबा चुकून जिंकले

हॅलो?… हो, मीच… अगं, तुझा लेक रडतोय. दुसरं कोण रडणार, तुझे बाबा?

नाही नाही, पडलाबिडला नाही. बुद्धिबळात हरला… हो, बाबांनीच हरवलं!… मुद्दाम कशाला करतील? बातम्या ऐकता ऐकता वजीर सरकवला आणि बसले जिंकून! गेली दोन वर्षं रोज मुद्दाम हरतायत, आज नेमकी अक्कल चरायला गेली. आता तोंड पाडून बसलेत.

अगं ऐक ना… हात ठीक आहे. डावा, हो, डावाच. प्यादं मुठीत घट्ट धरलंय… बघतेच आहे, डोळे फुटलेत का माझे?

अशी घाबरू नकोस. परवाच डॉक्टर म्हणाले ना, ऑपरेशन छान झालंय, मेंदूला रक्त पोचायला नवी वाट मिळालीय, आता रडू दे, फुंकू दे… हो गं, भीती मलाही वाटतेच.

आठवतं? त्यानं फुंकर मारू नये म्हणून दूध पंख्याखाली निववायचो. वाढदिवसाची मेणबत्ती बाबा चिमटीनं विझवायचे, बोटं भाजून घ्यायचे. जरा रडला, जरा जोरात फुंकर मारली, की मेंदूला रक्त कमी पडायचं आणि हात लुळा पडायचा लेकराचा… आणि आजाराचं नाव काय, तर मोयामोया! बाबा म्हणाले, मांजराचं नाव वाटतंय. किती हसलो आपण, आणि मग तू स्वयंपाकघरात जाऊन…

बरं, नाही काढत.

तू काय कमी रडायचीस लहानपणी? कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा थांबवून विचारायचा, आज काय बिनसलं राजकन्येचं? मेली लाज वाटायची मला. पण हा आजारी पडल्यावर तेच दिवस सारखे आठवायचे बघ. घरात लहान मूल, आणि रडण्याचा आवाज नाही! घर खायला उठायचं.

काय?… छे, कुठला थांबतोय! चांगलं भोकाड पसरलंय… थांब. गुंड्या, हात वर कर रे! दोन्ही!… केले. केले गं! दोन्ही सारखे!… अगं बाई! डाव्या हातानं पटच उधळला! सगळी प्यादी कपाटाखाली!… अहो, ओरडू नका त्याला… नाही गं, ओरडत नाहीत. चष्मा काढून डोळे पुसतायत.

हॅलो?… अगं, ऑफिसात आहेस ना? लोक बघत असतील… बघू देत म्हणतेस? मग रड बाई.

नाही, त्याला उगी नाही करत. दमेपर्यंत रडू दे. ठेवते.