चक्रीचा डाग

माझं माहेर झरीच्या अंगानं आनि सासर हे पालमच्या अलीकडचं, दोन्हीकडं मेंढरंच. शाळेत कोन घालतंय, मेंढरामागं चालतच वाढले. सासरा माझा, त्याला मामा म्हनायची म्या, लय जानता मानूस. मेंढीला चक्री लागली, म्हंजी ती एकाच जागी गरगर फिराय लागली, भिताडाला टकरा देऊ लागली, तर मामा तिला काठी लावायचा न्हाई. डोसक्यात दुखनं हाय तिच्या, मुकं जनावर काय करंल, म्हनायचा, आनि इळा तापवून कपाळावर डाग द्यायचा. एखादी जगायची, एखादी जायची.

तर काय सांगू तुमाला, माझी सुमन झाली आनि माझी झोपच गेली. पाचवी पुजली, बारसं झालं, तरी डोळ्याला डोळा न्हाई. कानात एक बाई बोलायची, हे लेकरू तुजं न्हाई, बदललंय, बदललंय. म्या पाळन्याभवती नुसती फिरायची, वाकून बघायची, रडायची, पुन्हा फिरायची. नवरा म्हनला नाटकं करायलीस, आनि झोडपलं मला. म्या बी मुसळ हानलं, खोटं कायला सांगू, भवई फुटली त्याची. मंग सगळ्याइचं एकच, हिला बाहेरचं लागलंय.

देवरुश्याकडं नेलं. मिरच्याचा धूर नाकात दिला, केस धरून खाली दाबलं आनि चिंचेच्या फोकानं पाठ सोलली. बोल, कोन हायस तू. म्या म्हनायची, गया हाय, गयाबाई हाय. खरं सांगितलं की फोक जास्तीच बसायचा. मंग म्या म्हनले, तुमची मेलेली चुलती हाय, पुरनपोळी खायाला आलेय, तवा मार थांबला आनि सगळे खूश. म्हनले, कबूल झाली, आता निगंल. पर कानातली बाई कुटं जातीय, दुसऱ्या खेपंला म्या त्या देवरुश्याच्या अंगठ्याचा लचका तोडला. तवापासून मला शेरडाच्या खुंट्याला दाव्यानं बांदलं, भाकर लांबून टाकायचे. सुमनला नवऱ्यानं पिंगळीला नेऊन टाकलं, नंदंकडं. माज्या छात्या दुदानं दगड झाल्या, लेकरू न्हाई.

मामा रोज बघायचा. म्या खुंट्याभवती फिरायची ना, दावं गुंडाळूस्तोर. एक दिवस म्हनला, भूतबीत काय न्हाई हिला, हिला चक्री हाय. एवड्या घरात त्या एकल्यालाच कळलं बगा, की हे दुखनं हाय. आनि त्यानंच इळा चुलीत घातला. नवरा पायावर बसला, दिरानं डोसकं धरलं. मामा रडायला, म्हनला, लेकी, सोस जरासं, बरी होशील. चर्र आवाज झाला, माज्याच कातड्याचा वास माज्या नाकात. आजून कुटं लोकर जळाली की वकारी येती मला.

जखम चिघळली, तोंड सुजलं, मंग मामानं मला परभनीला नेलं सरकारी दवाखान्यात, डागासाठी हो, डोसक्यासाठी न्हाई. पट्टी करताकरता डाक्टरीन म्हनली, बाई, झोप लागती का तुला? हे कोनी इचारलंच नव्हतं, मायनं बी न्हाई. म्या ढसाढसा रडले, कानातल्या बाईचं सगळं सांगितलं. ती म्हनली, बाळतपनातून येतंय कुना कुनाला, मनाचं दुखनं हाय, गोळ्यानं उतरतंय. मामा म्हनला, मंग म्या डोसक्याचंच म्हनलो हुतो की. ती म्हनली, वळखलं बरूबर आजोबा, पर जाळलं कामून? मामानं पटका तोंडावर धरला.

गोळ्या चालू झाल्या आनि म्या झोपले. लय झोपले. हळूहळू ती बाई लांब गेली, गप झाली. पर सुमन? नंद म्हनली, वेडीच्या हातात लेकरू देत न्हाई, मारून टाकंल. माज्या जिवाचं पानी झालं. मंग मामाच उटला, मला येष्टीत बसवलं, पिंगळीला नंदंच्या दारात उबं केलं. नंदंनं मला ढकललं, म्या उंबऱ्यावर पडले. मामानं सोताच्या लेकीच्या पायावर काठी हानली, म्हनला, मेंढी बरी झाली की कोकरू तिलाच लावायचं असतंय, आन ते. सुमन आली. पयल्यांदा वळखलंच न्हाई तिनं मला, वरडली, तोंड वरबाडलं. वरबाडू दिलं.

मामा गेला, नवरा बी गेला. गोळ्या कवाच्याच बंद झाल्या, गावात आजून वेडी गयाच म्हनतेत. म्हनू द्या. कपाळ पदराखाली ठिवायची म्या, पोरीच्या सोयरिकीला अडचन नको म्हनून.

आन बगा, आता सुमन बाळतीन झाली, इथंच, माज्याकडं. लेकरू गोमटं. झोपना झाली. बाजंभवती फिरू लागली, म्हनली, आई, हे माजं न्हाई. परवा इहीन जीप घेऊन आली, संगं तिचा भाऊ आनि माजा जावई, म्हनली, बाहेरचं हाय, देवरुश्याकडं नेतो. भावानं सुमनच्या दंडाला धरून वढलं, ती वरडली. म्या लेकरू जावयाच्या हातात दिलं, आढ्यातला इळा काडला, तोच मामाचा, आनि डोक्यावरला पदर टाकून दिला. म्हनलं, बगा, ह्यो डाग, दवाखान्यात न्हाई नेलं त्याचा. सोड तिला. त्यानं सोडलं न्हाई. म्या हानला. मनगटावर बसला, रगत उडालं भितीवर, पर सोडलं.

मंग त्याच जीपमदी समदे गेलो परभनीला. त्याला टाके पडले, सुमनला गोळ्या मिळाल्या. इहीन म्हनायलीय, ठान्यात जाते, वेड्याचंच घर हाय हे. जाऊ द्या, म्या ठान्यात बी कपाळ दाखवीन.

ते बगा, आतल्या खोलीत. आज पयल्यांदाच डोळा लागलाय तिचा, लेकराकडं तोंड करून. तुमी दवाखान्यातून इचारपूस कराया आलाव, काय इचारायचं ते इचारा, पर हळू बोला. झोपू द्या माज्या लेकीला.