पिण्यास अयोग्य

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे आयुक्त साहेब, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या प्रयोगशाळेच्या बाई, त्यांचे यजमान आणि पाणी खात्यातल्या माझ्या जुन्या-नव्या सहकाऱ्यांनो,

या खात्याचा मुख्य अभियंता म्हणून मी निवृत्त झालो, त्याला सहा वर्षं झाली. तरी आठवणीनं बोलावलंत, आभारी आहे. बाईंच्या शिस्तीबद्दल दोन शब्द बोला, असं सांगितलंय. त्यांची शिस्त काय सांगू? माझ्या हातातला चहाचा कपसुद्धा त्या प्रयोगशाळेच्या दाराबाहेर ठेवायला लावायच्या. हसताय म्हणजे तुम्हालाही लावला असणार!

आपला तलाव बांधला तेव्हा शहर चार लाखांचं होतं. मी सांगतोय त्या वर्षी, म्हणजे अठरा वर्षांपूर्वी, ते चाळीस लाखांवर गेलं होतं. माणसं पोटासाठी येतात, त्यांना कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं? तलावावरच्या उतारावर घरं झाली. सांडपाणी ओढ्यात आणि ओढा तलावात. आम्हाला दिसत नव्हतं का? दिसत होतं.

एके सकाळी बाईंनी अहवाल पुढे ठेवला. ‘पिण्यास अयोग्य.’

“पुन्हा नमुना घ्या,” मी म्हटलं.

“तीनदा घेतलाय, साहेब.”

“अहो, मग लोकांना पाजू काय? दुसरं पाणी आहे कुठे?”

“ते तुम्ही बघा. हे पाजू नका, एवढंच मी सांगू शकते.”

मी सही केली नाही. अहवाल खणात गेला.

बाई मात्र काम सुटलं की गल्ल्यागल्ल्यांतून फिरायला लागल्या. “पाणी उकळून प्या हो, ताई.” वरून विचारणा झाली, अफवा कोण पसरवतंय? मी बाईंची बदली भांडारात केली, पाइप मोजायला.

महिन्याभरात काविळीची साथ आली. बाई जिथवर पोचल्या होत्या, तिथे माणसं कमी आजारी पडली. माझी पुतणी पलीकडच्या भागात राहायची. पहिलटकरीण, सातवा महिना. बाई तिथवर पोचल्या नव्हत्या. मी? मी साधा फोनही केला नव्हता. घरच्यांना उकळून प्या म्हणायचं आणि शहराला तेच पाजायचं, हे मनाला पटेना. म्हणून दोघांनाही काहीच सांगितलं नाही. पोरगी गेली. पोटातलं बाळही गेलं.

भेटायला बाई आल्या. बराच वेळ माझ्या वहिनीचा हात धरून बसल्या. निघताना हळूच म्हणाल्या, “साहेब, आता तरी सही करा.”

केली. तलावाचं पाणी बंद झालं, ओढा वळवला, टँकर धावले. अशक्य म्हणत होतो ते पंधरा दिवसांत झालं. बाईंना प्रयोगशाळेत परत आणायला मात्र मी तीन वर्षं लावली. त्यांना रोज तोंड दाखवायचा धीर होत नव्हता.

अध्यक्ष महोदय, निरोपाच्या प्रसंगी हे बोलायचं नसतं, कळतं मला. वेळही जास्त घेतला. संयोजकांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. बाई, तुमच्याकडे मात्र हे पोटात घाला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. चुकलो होतो, एवढं चारचौघांत सांगायचं राहिलं होतं.