तिसऱ्या कडव्यातला हुंदका

—नाही हो, हुंदका कसला, सर्दी म्हणा सर्दी! तुम्हीसुद्धा तेच विचारायला आलात ना? बसा, ती खोकी खाली ठेवा, रिकामीच आहेत. कंपनीतनं जो येतो तो आधी हुंदक्यावर येतो. तीस वर्षं झाली त्या गाण्याला, आता पाचव्यांदा बाजारात आणताय, सोबत पुस्तिका काढताय, आणि पुस्तिकेत काय छापणार? तर आमच्या गायिकाबाई — आम्ही स्टुडिओतली माणसं त्यांना महाराणी म्हणायचो, तोंडावर नाही, तोंडावर ताई — तर महाराणींचा म्हणे तेव्हा प्रेमभंग झाला होता आणि तिसऱ्या कडव्यात कंठ दाटून आला. प्रेमभंग! अहो, त्या बाईंना दाटून यायचं ते फक्त एसी बंद पडला तर. पण कार्यक्रमात बघा — तिसरं कडवं, दुसरी ओळ, डावा हात छातीवर, रुमाल डोळ्याला, हुंदका. तीस वर्षं ठरल्या जागी, एक मात्रा इकडची तिकडं नाही. आणि लोक टाळ्या पिटतात.

इतिहास हवाय ना? ऐका तर. गाणं पहिल्यांदा निघालं ते कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, शेवटचं — म्हणजे अडगळीतच. कुणी ढुंकून बघितलं नाही. दोन दुकानदारांनी तर गठ्ठे न सोडताच परत पाठवले. मग रेडिओवरचा एक निवेदक कॅसेट लावून फोनवर बोलायला गेला, बोलण्यात रमला, आणि अख्खी बाजू वाजून गेली. दुसऱ्या दिवसापासून पत्रांवर पत्रं — ती रडणारी बाई कोण? झालं, कंपनीनं तेच गाणं पहिल्या नंबरला टाकून दुसऱ्यांदा कॅसेट काढली. मग महाराणींना वाटलं, आपला आवाज आणखी खुलायला हवा होता. म्हणून तिसऱ्यांदा! नव्यानं गायल्या, चाळीस व्हायोलिनं, बासरी, कोरस, हुंदका गाळला — आणि लोकांनी कॅसेटी आणून दुकानदारांच्या तोंडावर फेकल्या. मग चौथ्यांदा पुन्हा जुनंच, वर ठळक अक्षरात 'मूळ हुंदक्यासह'. साबणाच्या वडीवर 'मूळ सुगंधासह' लिहितात ना, तसं!

हसत नाही तुम्ही. — काय? दोन आवाज? हेडफोन लावून ऐकलंत? श्वास वेगळा वाटला? हं. कान तयार आहे तुमचा. तीस वर्षांत एकालाही कळलं नाही बरं का, कारण जोड मी मारला होता — ब्लेडनं, टेप तिरकी कापून, बरोब्बर श्वासाच्या जागी. आत्ताच्यांना मशीनच सगळं करून देतं, त्यांना काय कळणार हाताची सफाई — हे लिहू नका. महाराणी आल्या, ध्रुवपद गायल्या, दोन कडवी गायल्या, तिसऱ्यातला वरचा सूर काही केल्या लागेना. सतरा वेळा! सतराव्यांदा म्हणाल्या, तुमचा माइक बिघडलाय — आणि गेल्या तरातरा निघून. दुसऱ्या दिवशी टेप कारखान्यात जायची होती, कॅसेटी काढायला. संगीतकार म्हणाले, आदल्या दिवशीचा ट्रॅक आहे ना, त्यातलं तिसरं कडवं लाव. ट्रॅक म्हणजे — मोठ्या गायिकेनं ऐकून शिकावं म्हणून आधी दुसऱ्या कुणाकडून तरी गाऊन घ्यायचं आणि मग पुसून टाकायचं. पुसायचं, कळलं? त्याला ना नाव ना गाव.

कोण म्हणजे — होती एक. आमचीच ही. तेव्हा लग्न ठरलं होतं आमचं, पंधरा दिवसांवर आलं होतं. गळा गोड हो तिचा, खोटं कशाला बोलू. पण गंमत अशी की आपण ट्रॅक गातोय हे तिला माहीतच नव्हतं. गाणं आधी तिलाच कबूल केलं होतं, महाराणी मागाहून आल्या. संगीतकार मला म्हणाले, तूच सांग, तुझीच होणारी बायको आहे. सकाळीच सांगणार होतो — पण ती नवे कपडे घालून आली होती रेकॉर्डिंगला, राहिलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, मध्ये वीसेक सेकंद नुसती वाद्यं होती — आणि आमच्याकडे एक बटण असतं, दाबलं की काचेपलीकडं गाणाऱ्याच्या कानात आपलं बोलणं जातं. दाबलं. म्हटलं, फार जीव ओतू नकोस, हे त्या बाईंसाठी चाललंय, तुझा आवाज ठेवणार नाहीत. तिनं काचेतून माझ्याकडं बघितलं. एवढंच. आणि तिसरं कडवं सुरू. थांबली नाही, ताल सोडला नाही, सूर सोडला नाही, फक्त दुसऱ्या ओळीत ते — सर्दी. सर्दीच हो. गारठा किती असायचा स्टुडिओत.

छे, राग कसला! पुढच्याच महिन्यात मी मुख्य ध्वनिमुद्रक झालो, त्याचा आनंद तिलाच जास्त. एकदाच — लग्नानंतर रेडिओवर लागलं होतं, ही इस्त्री करत होती — म्हणाली, तिसरं कडवं माझं आहे. मी म्हटलं, भास होतोय तुला. संपला विषय. परत कधी काढला नाही. गाणंच सोडलं तिनं. तीस वर्षांत या घरात मी तिच्या तोंडून एक ओळ ऐकली नाही, कधी कधी वाटतं, निदान भांडी घासताना तरी — जाऊ दे. संसारात रमली ती, विसरलीही असेल. नावाची हाव नाही हो तिला, मी ओळखतो ना. आठवडाभर बहिणीकडं गेलीय, नाहीतर तिनंच सांगितलं असतं तुम्हाला — घाला महाराणींचा फोटो, यांचा एक परिच्छेद घाला आणि मोकळे व्हा.

हा कसला कागद? थांबा, चष्मा — हे अक्षर तिचं आहे. तुमच्याकडं कसं आलं? — स्वतः आली? कधी? — सोमवारपासून? रोज? अहो, पण ती बहिणीकडं — आणि गायली? तुमच्यासमोर? सगळं गाणं? — कशी गा... नको. नका सांगू. पाया पडतो, सांगू नका.

बघू इकडं. 'तिसरं कडवं मी गायले आहे. त्या वेळी ध्वनिमुद्रक काचेपलीकडं होते. त्यांना माहीत आहे.' — ध्वनिमुद्रक? एवढंच? 'माझे पती' वगैरे काही कुठं — मागच्या बाजूला? मागं कोरं आहे. माझ्याविषयी काही बोलली का ती? — बरं. आणि मी सही नाही केली तर? — तरी तिचं नाव छापणार? मग माझी सही कशाला हवीय तुम्हाला? — तुम्हाला नकोय. तिला हवीय.

पेन द्या. कुठं, इथं? 'ध्वनिमुद्रक' लिहिलंय, त्याच्याच खाली? — झाली. घ्या हा कागद, ठेवा पिशवीत. नाही, आता काही विचारू नका मला. या तुम्ही.